कुरकुरणाऱ्या गाडीला वंगण कुठलं?

आज गाडीच्या खाली वाकून बघायचं आहे. आता बऱ्याच गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाची भाजी जयसिंगपूरला जाते, कुणाचे डबे, कुणाचं दूध. गाडी चालवणारा भाऊ असो नाहीतर आपल्यातलीच एखादी असो, दुरुस्तीचं बिल मात्र गटाच्या वहीत पडतं. म्हणून हे आपल्याला कळायला पाहिजे.

आमच्या गटाची गाडी म्हणजे जुनी ओम्नी. ही गाडी २०१९ साली कंपनीनं बनवायची बंद केली, पण आपल्या भागात अजून पुष्कळ फिरतात. आमची गतिरोधकावरून गेली की जुन्या खाटेसारखी कुरकुरायची. धुवायला नेली की तिथला मुलगा म्हणायचा, "काकी, खालनं ऑइलचा स्प्रे मारून देतो, आवाज गप्प." आणि खरंच गप्प व्हायचा. आठ-पंधरा दिवस. मग परत नेऊन परत स्प्रे. दीड-दोन वर्षं आम्ही हेच केलं आणि वर त्या पोराला शहाणाही म्हटलं.

पुढं एक दिवस उदगावच्या पुलावर ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगाला ओढली गेली. हंगामाचे दिवस, समोरून उसाची ट्रॉली. वहिनींनी स्टिअरिंग घट्ट धरलं म्हणून निभावलं. दुसऱ्या मिस्त्रींकडं नेली, तेव्हा त्यांनी चाकाच्या आर्मचा बुश काढून माझ्या हातावर ठेवला. आतलं रबर भिजवलेल्या खारकेसारखं फुगलेलं, मऊ पडलेलं. नखानं निघत होतं. म्हणाले, "ह्याला ऑइल पाजलंय कुणी?"

ऑइल आम्हीच पाजलं होतं, पैसे देऊन.

आता बुश म्हणजे काय ते सांगते. आपण डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतो. ओझं आणि डोकं यांच्यामध्ये एक मऊ गादी. गाडीचं चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तशीच रबराची गादी असते, तिला बुश म्हणायचं. बहुतेक बुशांत बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हीला पक्कं चिकटवलेलं रबर असतं. चाक खालीवर झालं की रबर स्वतः पिळवटतं आणि परत जागेवर येतं. तिथं काहीच घसरत नाही, म्हणून तिथं वंगणाला कामच नाही. चुंबळीला कुणी तेल लावतं का?

पण आपल्या मनात वंगण बसलंय ते बैलगाडीचं. गाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, कण वाजायला लागला की वंगण घालायचं. ते बरोबरच होतं, कारण तिथं लोखंड लोखंडावर घासत होतं. आजही उसाच्या ट्रॉलीच्या किंवा ट्रकच्या पाट्यांना जिथं लोखंडी पिन आणि धातूचा बुश असतो, तिथं ग्रीस लागतंच. ओळखायची खूण सोपी आहे. तिथं ग्रीस भरायला छोटी निपल दिलेली असते. निपल दिसली तर ग्रीसगननं लिथियम ग्रीस भरायचं. निपल नाही आणि रबर दिसतंय, तर ऑइलचा हात लावायचा नाही.

का नाही, याचा प्रयोग घरी करा. पिशवीला लावायचे दोन रबर घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा झाकणात थोडं इंजिन ऑइल घेऊन त्यात बुडवा. दोन-तीन दिवसांनी शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑइलमधला लांब आणि जाड झालेला असेल, आणि ताणला तर लवकर तुटेल. खनिज तेल रबरात शिरतं आणि त्याला फुगवतं. डिझेलही तेच करतं. साधं ग्रीससुद्धा खनिज तेलापासूनच केलेलं असतं, म्हणून रबराला तेही नको. लहान मुलांना त्या झाकणापासून लांब ठेवा, एवढी काळजी घ्या.

मग रबराच्या बुशातून आवाज येतो तेव्हा काय करायचं? आधी तो कुठून येतो ते शोधायला लावा. चिकटवलेल्या बुशाचं रबर फाटलं असेल, तर कुठलंच वंगण उपयोगाचं नाही, बुश बदलायचा. पण काही बुश नुसते दांड्यावर चढवलेले असतात, पुढच्या आडव्या दांड्याचे असतात ना, ज्यांना मिस्त्री बार बुश म्हणतात, ते. त्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल शिरून वाळला की कुरकुर सुरू होते. ते उघडून, पाण्यानं धुऊन, कोरडे करून बसवले की बऱ्याचदा आवाज तेवढ्यानंच जातो. तरी राहिला, आणि गाडीच्या पुस्तकात कोरडं ठेवा असं म्हटलेलं नसेल, तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. ते रबराला फुगवत नाही. ब्रेकच्या रबरांसाठी तांबडं रबर ग्रीस मिळतं, तेही चालतं. ते वनस्पती तेलाचं असतं. एरंडेल रबराला फारसा त्रास देत नाही, हे गाडीवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेलं आहे. पण म्हणून घरातलं एरंडेल ओतू नका, धूळ चिकटून पुन्हा तोच चिखल होईल.

दुकानात मागताना "सिलिकॉन ग्रीस" असं पूर्ण म्हणा. नुसतं सिलिकॉन म्हटलं की खिडकीच्या फटी बुजवायची ट्यूब हातात देतात. ती वाळून घट्ट होते. आणि सिलिकॉन ग्रीस महाग आहे म्हणजे सगळीकडं चांगलं असंही नाही. पाट्याच्या लोखंडी पिनेला ते कमी पडतं, तिथं लिथियमच.

नवीन बुश बसताना आत जात नसेल, तर मिस्त्री ऑइल लावून ठोकतात. त्यांना साबणाचं पाणी द्या. सटकन आत जातं आणि नंतर वाळून जातं.

एक गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. बुश बसवताना गाडी जॅकवर असते, चाकं लोंबकळत असतात. बोल्ट त्याच अवस्थेत पक्के आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. चांगला बुशही लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी सैल लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग शेवटचा पाना मारायचा. हे सांगितलं तर एखादा मिस्त्री म्हणेल, "काकी, तुम्ही कुठं शिकला हे?" म्हणू दे.

आमच्या गटानं आता वहीत लिहून ठेवलंय: धुलाई करायची, खालून ऑइल नाही.

पुराचं तेवढं राहिलं. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेचं पाणी आपल्या गावांत शिरलं, तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण पाहिलंय. अशी गाडी बाहेर काढल्यावर निपल असलेल्या प्रत्येक जागी नवं ग्रीस भरत राहायचं. आधी गढूळ पाणी येतं, मग जुनं काळं ग्रीस, मग स्वच्छ. स्वच्छ दिसलं की थांबायचं. रबराच्या बुशांवर मात्र साध्या पाण्याचा पाइप धरायचा, गाळ निघेपर्यंत.