विडी कामगार स्त्रियांच्या मनावरील ताण

सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांविषयी सुशिक्षित मंडळींत एक समज आढळतो, तो असा की, घरी बसून आपल्या सवडीने करावयाचे हे काम. त्यात मनाला ताण तो कसला? असे म्हणणाराने माल घेण्या-देण्याच्या वेळी विडी कारखान्याच्या ब्रँचपुढे अर्धा तास उभे राहावे, म्हणजे हा समज फार काळ टिकणार नाही.

ब्रँचमधून स्त्रीला तेंदूची पाने, तंबाखू व दोरा मोजून मिळतो आणि त्या मालातून ठरलेल्या विड्या परत द्याव्या लागतात. मजुरी हजार विड्यांमागे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा धरल्यास चाळीस कट्टे होतात. एवढे दिवसभरात पुरे करणे सराईत हातालाही जड जाते. पान फाटके वा किडके निघाले तर विड्या कमी भरतात, मात्र हिशेब पूर्ण संख्येचाच होतो. उणी पाने तिने पदरच्या पैशाने विकत आणावयाची. ज्या मालाची निवड तिने केली नाही, त्याच्या दोषाचा दंड तिने भरावयाचा!

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे ‘छाट’. तपासणारा कट्टे हाताळतो आणि विडी सैल आहे, तोंड नीट मिटलेले नाही, असे म्हणून ती बाजूस काढतो. बाजूस पडलेल्या विडीची मजुरी नाही. आम्ही शाळामास्तर वहीवर तांबडी रेघ ओढली, तर चूक कोठे झाली ते मुलाला सांगण्यास बांधलेले असतो. येथे दिवसाच्या श्रमांचा निकाल काही क्षणांत दुसऱ्याच्या मर्जीवर लागतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल व छाट यांविषयीचे तंटे मिटविण्यासाठी अधिकारी नेमण्याची तरतूद केली होती. पण उद्याची पाने ज्याच्या हातून घ्यावयाची, त्याच्याविरुद्ध आज तक्रार कोण करील?

तंबाखूच्या धुळीचा खोकला आणि वाकून बसल्याने धरणारी पाठ ही दुखणी आहेतच. २००६ साली कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत विडी कामगार स्त्रियांना १०,००० घरे मिळाली, हे थोडे नव्हे. परंतु त्याच घरात चूल, पाळणा आणि मांडीवरचे सूप. भोंगा वाजला की गिरणीतील कामगाराचा दिवस संपे. हिच्या दिवसाला भोंगाच नाही. हजाराला शंभर कमी पडले, की शाळेतून आलेल्या मुलीला दोरा बांधावयास बसवावे लागते, आणि तिचा अभ्यास राहिला हा घोर आईच्या मनाला पुन्हा वेगळा.