शाळेतलं समुपदेशन : मुलं काय म्हणतात?



बचत, हप्ता, कर्ज यांवर आपण दर बैठकीत बोलतो. या वेळी आपल्या आठवी ते दहावीतल्या लेकरांविषयी बोलू या.

समुपदेशन हा शब्द मोठा वाटतो. त्यात ‘उपदेश’ ऐकू येतो, पण काम आहे ऐकून घेण्याचं. मुलाच्या मनात काय चाललंय ते शांतपणे ऐकायचं आणि वाट काढायला त्याला मदत करायची. अभ्यासाची भीती, घरातली भांडणं, कोणी दिलेला त्रास, पाळीच्या अडचणी, पुढचं शिक्षण, हे सगळं त्यात येतं.

किशोरी गटात आणि वस्तीवर मुलांशी बोलताना काही गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. “ताई, ऑफिसात बोलावलं की सगळ्यांना वाटतं हिने काहीतरी केलंय.” “सरांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं.” “मार्गदर्शन फक्त दहावीला असतं, सायन्स घ्यायचं का आर्ट्स.” मुलगे म्हणतात, “बोललं तर पोरं रडका म्हणून चिडवतात.” म्हणजे मुलांना मदत नको असते असं नाही. आपली गोष्ट गावभर होईल, ही भीती असते. ज्या मुलीचं बाईंनी नीट ऐकलं आणि लगेच घरी फोन केला नाही, ती मुलगी पुन्हा बोलायला जाते.

ही भीती मोडली नाही तर काय होतं? आई-वडील ऊसतोडीला गेले, मुलगी आजीजवळ राहिली आणि तिचं लग्न ठरवायचं चाललं, तर ती कोणाला सांगणार? वेळेत कळलं तर लग्न थांबतं, शाळा वाचते.

मात्र एक गोष्ट गुप्त ठेवता येत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ते पुढे सांगावंच लागतं. 2012 च्या पोक्सो कायद्याने अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. हे मुलांना आधीच समजावून सांगावं, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

आपल्याला काय मागता येतं? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे, की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. पट कमी असेल तर शाळेने बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. आपल्या राज्यात 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समितीही असायला हवी.

पालक सभेत हे चार प्रश्न विचारा :

1. मुलांनी बोलायला कोणाकडे जायचं, हे मुलांना माहीत आहे का?
2. बोलायला वेगळी खोली आणि ठरलेली वेळ आहे का?
3. तक्रार पेटी कोण उघडतं, आणि किती दिवसांनी?
4. सखी सावित्री समितीची बैठक शेवटची कधी झाली?

घरी आपलंही काम आहे. पोरगी बाईंशी बोलून आली की “काय सांगितलंस? आमचं नाव तर घेतलं नाहीस ना?” असं विचारू नका. “तुला वाटेल तेव्हा मला सांग,” एवढं पुरे. आणि दुसरीच्या लेकराची गोष्ट कानावर आली, तर ती गटाच्या बैठकीत किंवा नळावर चघळायची नाही.

दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मूल संकटात असेल किंवा बालविवाह होत असेल तर 1098. मनावर ताण असेल तर टेली मानस 14416. दोन्ही मोफत आहेत आणि रात्री-अपरात्रीही चालतात.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीच्या अजेंड्यावर हा विषय घ्या. शाळेत जाताना दोघी-तिघी मिळून जा आणि काय उत्तर मिळालं ते इतिवृत्तात लिहा.