बखर कुणाच्या आज्ञेने लिहिली?

लेखनप्रकार म्हणजे ठरावीक साचा, या समजुतीला १९८४ साली अमेरिकेतील वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक कॅरोलिन मिलर यांनी एका निबंधातून धक्का दिला. समाजात एकसारखे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. अशा प्रसंगी लेखणीने काम साधण्याची जी रीत रुळते, तिला त्यांनी लेखनप्रकार मानले. त्याआधी रशियात मिखाईल बाख्तीन यांनी साधे आणि संमिश्र असे भेद केले होते. पुढे १९९० मध्ये जॉन स्वेल्स यांनी संशोधन-लेखांच्या प्रस्तावनांची बांधणी उलगडून दाखवली, तर ऑस्ट्रेलियात सिडनीच्या अभ्यासकांनी हा विचार शाळांत नेला.

मराठीत या विचाराचा कस लावायला बखरीसारखा दुसरा नमुना नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तीर्थरूपांनी कोणते पराक्रम केले, हे पुत्राला कळवायचे होते. पानिपतावर रघुनाथ यादवाने बखर रचली, ती गोपिकाबाईंसाठी. त्या युद्धात विश्वासराव हा त्यांचा मुलगा पडला होता. विचारणारा धनी, सांगणारा पदरचा माणूस आणि विषय घराण्याच्या वर्मी लागलेला: बखरीची भाषा या नात्यातून घडते. तिच्यातले लांबलचक संवाद, पुराणातील उपमा आणि फुगवलेले आकडे हा अज्ञानाचा पुरावा म्हणून वाचणे अन्यायाचे आहे. ऐकणाऱ्यासमोर प्रसंग उभा करणे हे बखरकाराचे कामच होते.

सभासदाच्या बखरीचा सर्वांत विलक्षण भाग म्हणजे त्यातली मोजदाद. महाराजांचे किल्ले, जामदारखान्यातील जिन्नस, पागेतली घोडी, सरदारांची नावे यांच्या याद्या तिथे एकामागून एक येतात. दप्तरातला कोरडा कागद चरित्रात शिरतो आणि राज्याचा विस्तार डोळ्यांपुढे मांडतो. संमिश्र प्रकार साध्या प्रकारांना पोटात घेतात, हे बाख्तीन यांचे म्हणणे याहून ठसठशीतपणे क्वचितच दिसेल.

दप्तराशी असलेले हे नाते आणखी खोल जाते. सुमित गुहा यांनी २००४ मधील एका लेखात बखरीचा संबंध वतनाच्या तंट्यांशी जोडला. गोतसभेपुढे हक्क सांगताना घराण्याची हकीकत पिढ्यांच्या क्रमाने मांडावी लागे. करिना आणि कैफियत हे कागद त्याच गरजेतले. मल्हार रामराव चिटणीस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याला बखर लिहू लागले, तेव्हा त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी त्यात ठळकपणे आले. दावा मांडण्याची जुनी सवय इथे स्पष्ट दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आज्ञा करणारे दरबार विरळ झाले. बखरी त्यानंतरही लिहिल्या गेल्या, पण तो प्रसंगच ओसरत गेला. १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने जुन्या बखरी टिपा देऊन छापल्या. दरबारात ऐकायचा मजकूर अशा रीतीने अनोळखी वाचकाच्या हाती पडला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींना अविश्वसनीय ठरवले. तारखांच्या बाबतीत त्यांचा निकाल योग्यच होता. मात्र ही कसोटी नव्या इतिहासलेखनाची होती. दरबारातले मान-अपमान, निष्ठा आणि घराण्याचे दावे समजून घ्यायला बखर आजही पहिल्या प्रतीचे साधन आहे.