अनुभव, अभ्यास आणि विद्यार्थ्याला सल्ला

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु नुसते पाण्यात पडल्यानेही कोणास पोहता येत नाही. अनुभव आणि शिक्षण यांच्यामध्ये मनाचा काही व्यापार घडावा लागतो. तो कोणता, याचा विचार अमेरिकेत विशेष झाला. सर्वच अनुभव शिकवणारे नसतात, काही तर पुढची वाट अडवतात, असे जॉन ड्यूई यांनी १९३८ साली बजावले. पुढे १९८४ साली डेव्हिड कोल्ब यांनी या विचाराला सिद्धांताचे रूप दिले.

कोल्ब यांच्या मते शिकणे हे एक चक्र आहे. प्रथम प्रत्यक्ष अनुभव, मग त्याचे चिंतन, त्यातून एखादा नियम, आणि शेवटी तो नियम नव्या प्रसंगी लावून पाहणे. समजा, एखादा मुलगा गणितात नापास झाला. हा झाला अनुभव. उत्तरपत्रिका समोर घेऊन चुका तपासणे हे चिंतन. 'रीत येते, पण प्रश्न नीट वाचला जात नाही', हा त्याने काढलेला नियम. पुढच्या चाचणीत प्रत्येक प्रश्न दोनदा वाचणे, हा प्रयोग. नापास होऊन मुलगा नुसता खंतावत बसला, तर चक्र पहिल्याच पायरीवर अडले. ते कोठे अडले हे त्याच्याशी बोलून शोधणे, हेच सल्लागाराचे खरे काम होय.

कोणी चिंतनात रमतो, कोणी करून पाहण्यात. या आवडींवरून कोल्ब यांनी अध्ययनाच्या चार शैली सांगितल्या व त्या ओळखण्यासाठी प्रश्नावलीही तयार केली. येथेच सावध राहिले पाहिजे. शैलींची वर्गीकरणे पुढे फार वाढली. डोळ्याने शिकणारे, कानाने शिकणारे, हाताने शिकणारे, हेही त्यांतलेच. फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये अशी ७१ वर्गीकरणे मोजली. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासले. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्यास तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

आवड असते, हे खरे; पण आवड म्हणजे मर्यादा नव्हे. शैली हा कायमचा ठसा आहे, असे खुद्द कोल्बही मानत नाहीत. 'तू हाताने शिकणारा, पुस्तक तुझ्यासाठी नाही', असे एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलास सांगितले, तर तो पुस्तकाकडे पाठ फिरवील आणि त्याचा दोषही आपल्या स्वभावाला देईल. एवढ्याशा शिक्क्याने आयुष्याची एक वाट बंद होऊ शकते.

म्हणून आम्हांस असे वाटते की, प्रश्नावली संभाषणाच्या आरंभी ठेवावी, निकालाच्या जागी नव्हे. 'तू कोण आहेस?' यापेक्षा 'तू काय केलेस, त्यातून काय उमगले, आणि आता काय करून पाहशील?' हे तीन प्रश्न मुलाच्या अधिक उपयोगी पडतील. आणि ते विचारावयास घरातील वडीलधाऱ्यांनाही कोणी मनाई केलेली नाही.