रक्ताचा कर्करोग आणि घराण्याची वंशावळ

रक्ताचा कर्करोग बहुतेक रुग्णांना आईवडिलांकडून आलेला नसतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु काही थोड्या घराण्यांत त्याला कारण होणारा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे डॉ. हॅमिश स्कॉट, डॉ. क्रिस्टोफर हान व त्यांचे सहकारी यांनी अशा घराण्यांचा अभ्यास करून २०११ साली ‘गाटा-२’ या जनुकातील दोष उजेडात आणला.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. एक जण कुटुंबाजवळ बसून वंशावळ लिहून घेतो. कोणत्या आत्याला, कोणत्या काकांना काय झाले होते ते विचारतो. रुग्णाचे रक्तच बिघडलेले असल्याने दोष उपजत की मागाहून झालेला, हे रक्तावरून नीट उमगत नाही. म्हणून दुसरा त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढवितो. तिसरा संगणकावर हजारो फरकांतून नेमका दोष निवडून काढतो.

एवढा खटाटोप कशासाठी? रुग्णाला अस्थिमज्जा देण्यास बहुधा सख्खे भावंड पुढे येते. दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला असेल, तर धडधाकट दिसणाऱ्या त्या भावंडातही तो असण्याचा संभव निम्मा असतो. तशी मज्जा दिली, तर दोष पुन्हा रुग्णाच्या अंगी जातो. आधी तपासणी झाली, तर दुसरा दाता शोधता येतो.

लग्नकार्यात विघ्न नको म्हणून आपल्याकडे घरचे आजार झाकून ठेवतात. निदान डॉक्टरांपुढे तरी ते झाकू नयेत.