टीव्हीमागचा लाल उजेड

जालन्यात माझं टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. 'दादा, होम थिएटर सारखं घुमतंय' ही तक्रार बारमाही. स्पीकर बहुधा ठणठणीत असतात. अर्थिंगचा घोळ तांब्याच्या वायरीतून आवाजात शिरलेला असतो. मग मी टीव्हीमागचं लाल उजेडाचं चौकोनी भोक दाखवतो. तिथं ऑप्टिकल केबल लावली की दोन यंत्रांत त्या वाटेनं विजेचा संबंधच उरत नाही. तोशिबा कंपनीनं १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी, म्हणून नाव टॉसलिंक.

संभाजीनगरच्या वाटेवर शेंद्र्याला दूरसंचाराच्या फायबरची काच तयार होते, त्यामुळे ही केबलही काचेचीच असणार असं गिऱ्हाइकाला वाटतं. टॉसलिंकमध्ये सहसा एक मिलिमीटर जाडीचं अॅक्रिलिक असतं. दूरसंचाराच्या फायबरमध्ये उजेड वाहणारा गाभा मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका. ब्रॉडबँडच्या केबलला म्हणूनच घरी हात लावू नये: तिचा लेसर दिसत नाही आणि काचेची कुसळं बोटात शिरतात.

अॅक्रिलिकची केबल मात्र घरी कापता येते. पण तयार केबल मिळत असताना कापायची कशाला? भिंतीतल्या पाइपमुळे. आत आधीच्या वायरी असल्या की केबलचं डोकं बेंडमध्ये अडतं. एक टोक कापायचं, केबल ओढून घ्यायची, पलीकडे नवं कनेक्टर बसवायचं.

कटर किंवा पक्कड वापरलीत तर अॅक्रिलिक चेपतं. नवं कोरं ब्लेड घ्या, केबल सपाट लाकडावर धरा आणि काटकोनात एकाच दाबात कापा. वरचं काळं आवरण कनेक्टरला लागेल तेवढंच सोला, आतल्या तंतूला ओरखडा नको. तंतू कनेक्टरबाहेर केसभर राहू द्या. खरं काम इथून पुढे. काचेवर वॉटर पेपर पसरा, हजार नंबरचा, मग दोन हजारचा. थोडं पाणी टाकून टोक उभं धरा आणि इंग्रजी आठचा आकडा गिरवत हलक्या हातानं घासा. कापलेलं तोंड खरबरीत राहिलं तर उजेड तिथंच विखुरतो, आणि आवाज तुटक येतो किंवा येतच नाही. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे. पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, त्यातल्या अॅसिटोननं अॅक्रिलिक विरघळतं.

एका टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा. दुसरीकडे गोल, एकसारखा ठिपका दिसला की जमलं. कडेला काळी कोर दिसली तर पुन्हा घासा. आपल्याकडची धूळ पाहता टोकाची टोपी जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नका. केबल पाच मीटरच्या आत असावी, आणि पाच सेंटिमीटर व्यासापेक्षा आवळ वळण देऊ नये.

पाइपची अडचण नसेल तर मात्र ही खटपट नको, तयार केबलच घ्या. आणि डॉल्बी अॅटमॉस हवं असेल तर ऑप्टिकलचा नाद सोडा. त्याला एचडीएमआयच लागते.