वणव्याच्या आधीची तारीख

बिनसरची बातमी आता सर्वांना ठाऊक आहे. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातल्या अल्मोड्याजवळच्या या अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले चौघे जागीच मरण पावले, होरपळलेल्या आणखी चौघांना दिल्लीच्या एम्समध्ये न्यावे लागले. त्याआधी एप्रिलअखेर हवाई दलाचे हेलिकॉप्टर भीमताल तलावातले पाणी उचलून नैनितालच्या डोंगरांवर ओतत होते, तेही आपण टीव्हीवर पाहिले. या दोन्ही बातम्यांच्या गदारोळात त्याच अल्मोडा जिल्ह्यातले शीतलाखेत मागे पडले. उत्तराखंडने शिकायचे ते मात्र तिथल्या बायकांकडून.

अल्मोडा ज्या भागात येतो त्या कुमाऊंत डोंगरउतारावरच्या शेतांच्या बांधांवर झुडपे माजतात. ती तोडून, वाळवून पेरणीआधी जाळतात. या पाल्यापाचोळ्याला तिकडे ‘ओण’ म्हणतात. ओण जाळायला उशीर झाला, ऊन चढले, वारा सुटला की ठिणगी शेजारच्या जंगलात जाते. तिथे चीड वृक्षाच्या वाळक्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, थर साचलेला असतो. राळेमुळे पिरूल झटकन पेटतो आणि कुजायला वेळ घेतो. उत्तराखंडात चीडाचे जंगल सुमारे चार लाख हेक्टर आहे, आणि सुया गळतात त्या नेमक्या उन्हाळ्यात.

शीतलाखेतच्या परिसरातल्या गावांनी यावर साधा नियम केला. ओण ३१ मार्चच्या आत जाळून मोकळे व्हायचे. १ एप्रिलला ‘ओण दिवस’ पाळायचा, त्यानंतर शेतात काडी लावायची नाही. तरीही जंगल पेटलेच, तर महिला मंगल दलाच्या बायका हिरव्या फांद्या घेऊन धावतात आणि आग झोडपून विझवतात.

या सगळ्यामागे गजेंद्र पाठक हा माणूस आहे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात ते फार्मासिस्ट. वनखात्याशी नोकरीचा काही संबंध नाही. दोन दशके ते शीतलाखेतजवळच्या स्याहीदेवीच्या जंगलासाठी गावोगाव फिरत आहेत. त्यांचे सांगणे पाण्यापासून सुरू होते. हे जंगल गेले तर कोसी नदीला मिळणारे झरे आटतील, आणि हंडा घेऊन लांब जावे लागेल ते घरच्या बाईलाच. म्हणून बायका पुढे आल्या. याच जंगलातली झाडे लाकडी नांगरासाठीही पडत होती, तेव्हा अल्मोड्याच्या कृषी संशोधन संस्थेने लोखंडी नांगर तयार केला. त्याचे नावही ‘स्याही हल’. वणव्यावर बोलताना नांगरापर्यंत जाणारा असा माणूस मला कोणत्याही तज्ज्ञ समितीपेक्षा मोलाचा वाटतो.

कुमाऊंच्या लोकांनी जंगले पेटवलेलीही आहेत, हे विसरू नये. १९२१ मध्ये इंग्रज सरकारने राखीव केलेली चीडाची जंगले त्यांनी रागाने जाळली. सरकार नमले, चौकशी समिती नेमली, आणि १९३१ मध्ये गावांच्या हाती जंगल देणाऱ्या वनपंचायतींचे नियम आले. जंगल हातातून गेले की माणूस ते पेटवतो, हातात आले की राखतो, एवढे या इतिहासातून दिसते. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागची मागणीही हीच होती.

उत्तराखंड सरकारने २०२४ मध्ये पिरूलचा खरेदीदर किलोला ३ रुपयांवरून ५० रुपये करण्याचे जाहीर केले. निर्णय चांगला होता. पण पैसे पिरूल वेचणाऱ्या बाईच्या हातात पडायला हवेत, मधल्या ठेकेदाराच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी मे महिन्यात बजावले की कृत्रिम पाऊस किंवा वरुणराजाची कृपा हा यावरचा उपाय नाही. मग उपाय कोणता, हे शीतलाखेत सांगते आहे. ‘शीतलाखेत मॉडेल’ राज्यभर नेण्याच्या घोषणाही होतात. पण आगीशी झुंजणाऱ्या या बायकांना विमा, बूट, आगीत न जळणारे कपडे यांची हमी नसेल, तर ते मॉडेल म्हणजे फुकटची मजुरी ठरेल. बिनसरमध्ये गेलेल्यांत रोजंदारीवरचा मजूरही होता.

उत्तराखंडात वणव्याचा हंगाम दरवर्षी १५ फेब्रुवारीला सुरू होतो. सरकारने त्या तारखेच्या आत प्रत्येक वनपंचायतीतल्या आग विझवणाऱ्यांचा विमा उतरवावा आणि त्यांची यादी जाहीर करावी.